बुधवारचा झापिन

सुपियाहला नाच आला तो कानांनी. डोळ्यांनी तिनं तो फार उशिरा पाहिला.

तिचे वडील हाजी मर्झुकी आमच्या पारित जंबू गावातले झापिन या नाचाचे गुरू. आसपासच्या गावांत लग्न असो, सुंता असो, पैगंबरजयंतीचा मौलूद असो, हाजींची मंडळी नाचून गेल्याशिवाय समारंभ पुरा झाला असं कुणी मानत नसे. संध्याकाळची नमाज आटोपली की गावातले तरुण त्यांच्या ओसरीवर जमायचे. गंबुसच्या तारा जुळायच्या, तळहातावर मावणारे मरवास ढोल बाहेर निघायचे आणि फळ्यांच्या जमिनीवर अनवाणी पावलं पडू लागायची. घर लाकडी, खांबांवर उभं. ओसरीवर पाऊल पडलं की त्याचा हादरा मागच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचायचा. बायकामुली तिथंच असायच्या. लग्नाकार्यातही तेच; मांडवात पुरुष नाचायचे आणि मागं भांड्यांच्या ढिगात बायका. पुढं यायचं नाही असा नियम कुणी सांगितला नव्हता. सांगायची गरजच नव्हती.

सुपियाह घरातली धाकटी. नारळ खवता खवता तिला हळूहळू कळू लागलं की पुढं जाणारं पाऊल टाचेनं बोलतं, मागं येणारं चवड्यानं, आणि वळताना एक मात्रा गप्प जाते. त्या गप्प मात्रेत नाचणारा काय करत असेल हे तिला दिसत नसे, म्हणून तिनं आपल्या मनानंच काहीतरी ठरवलं. त्या जागी ती खांदा किंचित वळवायची. चुलीपासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून पाण्याच्या रांजणापर्यंत तिचं चालणंच तसं होऊन गेलं. आई म्हणायची, "मीठ आण म्हटलं तर मक्केला जाऊन येतेस का गं?"

थोरला भाऊ बिदिन मात्र ओसरीवर होता, आणि मंडळीत त्याच्यासारखा नाचणारा दुसरा नव्हता. झापिनमध्ये सगळं काम पायांचं. खांदे हलू द्यायचे नाहीत, हात अंगाजवळ ठेवायचे, चेहरा शांत. लोक म्हणायचे, बिदिनच्या डोक्यावर भरली बशी ठेवा, थेंब सांडणार नाही. त्यालाही ते ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्यासारखाच तो गावातून चालायचा.

शाळा संपल्यावर सुपियाह बातू पाहात या शहरातल्या एका शिवण कारखान्यात लागली आणि तिथल्याच वसतिगृहात राहू लागली. वर्षाच्या शेवटी कारखान्यात जेवण असे आणि त्या वेळी प्रत्येक विभागानं काहीतरी करून दाखवायचं असे. मुकादमीणबाई वैतागून म्हणाली, "दर वर्षी तीच साड्यांसारखी कापडं गुंडाळून मिरवणं. या वेळी काहीतरी वेगळं काढा."

"झापिन करू," सुपियाहच्या तोंडून निघून गेलं.

"शिकवणार कोण?"

"मी."

जेवणाच्या सुट्टीत, कापडं बेतायच्या टेबलांमधल्या बोळात, कॅसेट लावून तिनं बाकीच्या शिवणाऱ्या बायकांना शिकवलं. त्याच दिवसांत वसतिगृहातल्या टीव्हीवर तिनं पहिल्यांदा झापिन नीट पाहिला. त्या गप्प मात्रेत नाचणारे काहीच करत नव्हते, नुसता गुडघा जरासा मुडपत होते. इतकी वर्षं ती उगाचच खांदा वळवत होती. तिनं मैत्रिणींना गुडघा शिकवला. स्वतःला मात्र ती सवय मोडता आली नाही.

त्या जेवणाचा एक फोटो कुणाच्या तरी पर्समधून गावात पोचला. सुपियाह सुट्टीवर घरी आली होती. बिदिननं तो फोटो पानावर बसलेल्या वडिलांसमोर ठेवला.

"बघा बाबा. हाजी मर्झुकींची लेक, परक्या माणसांसमोर."

"कारखान्यातल्या बायकाच होत्या सगळ्या," सुपियाह म्हणाली.

"आणि मॅनेजर?"

"तो जेवत होता."

हाजींनी हात धुतले, चष्मा लावला आणि फोटो बराच वेळ उजेडाकडे धरून पाहिला. "कोपर सुटलाय," ते म्हणाले. "अंगाला लागून हवा." फोटो बाजूला ठेवला आणि पुन्हा भात कालवायला लागले.

बिदिन पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिला. ते आलंच नाही. मग बाहेर पायऱ्यांवर त्यानं बहिणीला गाठलं आणि स्वतःच सांगून टाकलं, "बाहेर काय करायचं ते कर, पियाह. या गावात, या घराच्या नावानं नाही."

दोन पावसाळ्यांनी हाजी गेले. मंडळी बिदिनकडे आली आणि त्याचा शब्द गावात राहिला. सुपियाहनं तो पाळला. भांडली नाही, की घरी यायची थांबली नाही. एका बसचालकाशी तिचं लग्न झालं, दोन मुली झाल्या, आणि डोळे साथ देईनात तोवर ती त्याच कारखान्यात मशीनवर बसली. मुली आपापल्या घरी गेल्या, नवरा वारला, तेव्हा ती पारित जंबूला परतली आणि वडिलांच्या जमिनीवर भावाच्या शेजारीच लहानसं घर बांधून राहिली. तोवर ती गावाची माक सू, म्हणजे सगळ्यांची धाकटी मावशी झाली होती. आणि बिदिन झाले होते पाक लोंग, सगळ्यांचे थोरले काका. त्यांचीही बायको आधीच गेलेली. मुलगा सिंगापुरात.

मंडळीची मात्र दशा झाली होती. गावातली मुलं सिंगापूरला कामाला, शनिवारी येतात ती झोपायला. लग्नात आता कीबोर्डवाला येतो, सोबत दोन भले मोठे स्पीकर, आणि नवरीच्या आत्याबाई माइक सोडत नाहीत. एकीकडं हे, तर दुसरीकडं झापिन जिकडंतिकडं दिसू लागला होता. शाळेत, टीव्हीवर, मंत्री येणार असले की रस्त्यावर. मुली नाचत होत्या, मुलं-मुली मिळून नाचत होती. मी इथल्या शाळेत शिकवते. आमच्या मुलींचं पथक मीच बसवलं होतं, फोनवरच्या चित्रफिती बघून. स्पर्धेला परीक्षक म्हणून पाक लोंगना बोलावलं. स्पर्धा झाल्यावर मी मोठ्या आशेनं त्यांच्याकडं गेले.

"चिकगू," आमच्याकडं शिक्षकांना म्हणतात तसं ते मला म्हणाले, "मुली गोड आहेत. कपडेही सुंदर. झापिन कुठं होता?"

मला राग आला होता. त्यांच्या मंडळीत उरले होते चार म्हातारे आणि गंबुस वाजवणारे वाक सेमान. त्या पाच जणांच्या जिवावर ते आम्हाला नावं ठेवत होते असं मला वाटलं.

आजाराला पाक लोंगनी आधी म्हातारपण म्हटलं. डावा हात मांडीवर टेकला की आपोआप थरथरायचा. वाक सेमान थट्टा करायचे, "बिदिन, तुझा हात सरावाला एक दिवस दांडी मारत नाही." मग पावलं आखूड झाली, मान पुढं आली, चेहरा लाकडासारखा झाला. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी पार्किन्सन असं नाव सांगून गोळ्या दिल्या. थरथर कमी झाली. पण एक विचित्र गोष्ट राहिली ती दाराची. अंगणात ते बरे चालायचे. उंबरा आला की पाय जागीच चिकटायचे. मन पुढं गेलेलं असे, पाय मागं राहिलेले.

एका शुक्रवारी मशिदीच्या दारात तेच झालं. खुतबा, म्हणजे शुक्रवारचं प्रवचन, सुरू व्हायचा होता, मागं माणसांची रीघ, आणि पाक लोंग मधोमध उभे. कुणीतरी मदत म्हणून पाठीला हात लावून हलकेच पुढं रेटलं, आणि ते गुडघ्यांवर आपटले. ज्याच्या डोक्यावरची बशी हलत नसे तो माणूस सगळ्या गावासमोर चपलांच्या ढिगात पडला. लागलं फारसं नाही. पण त्यानंतर ते घराबाहेर पडेनात. नमाज घरीच पढू लागले.

सरकारी दवाखान्यात कलैवाणी नावाची व्यायाम शिकवणारी मुलगी होती. बोलकी, हसरी, गाडी वेगात चालवणारी. माक सू भावाला तिच्याकडं घेऊन जायची. कलैनं जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या आणि एकेक पट्टी ओलांडायला लावलं. मग फोनवर टकटक असा ठोका लावला.

"या ठोक्यावर पाऊल टाका, पाक लोंग. पाय अडले की डोक्याला बाहेरून ताल द्यायचा. पुष्कळांना त्यानं सुटतं."

पाक लोंग उभेच राहिले. "हे घड्याळ आहे. घड्याळाच्या मागं चालायला मी काय काटा आहे?"

"मग तुम्हाला आवडेल तो ताल लावा," कलै म्हणाली. "माझं काही म्हणणं नाही. पाय उचलल्याशी मतलब."



पुढं काही दिवसांनी सकाळी माक सू त्यांच्याकडं सांबल वाटत बसली होती. कॉफी टेबलावर निवत होती आणि पाक लोंग स्वयंपाकघराच्या दारात अडकले होते. असं रोजच व्हायचं. तिनं हाताला धरलं तर चिडायचे, म्हणून ती मुकाट्यानं वाट पाहायची. त्या दिवशी तिचा हात खलबत्त्यात होता. मिरच्या कुटता कुटता तिनं कुटण्याची लय बदलली. एक जड, दोन हलके, एक गप्प. मरवासचा ठोका. तिनं मान वर केली नाही.

पाक लोंगचा उजवा पाय उचलला. मग डावा. उंबरा ओलांडून, टेबलाला वळसा घालून ते खुर्चीवर बसले.

 माक सू कुटत राहिली. कॉफीचा एक घोट घेऊन ते म्हणाले, "दुसरा हलका उशिरा पडतोय तुझा."

"दगडाचा आहे रे तो, अबांग," ती थोरल्या भावाला म्हणाली. "ढोल दे, मग बघ."

भिंतीवर वडिलांचे मरवास टांगलेले होते. कोणत्याही बाईनं ते आजवर पुसण्याखेरीज हातात घेतले नव्हते. पाक लोंगनी भिंतीकडं पाहिलं, कॉफी संपवली आणि म्हणाले, "तो उजवीकडचा घे. डावीकडच्याचं कातडं ढिलं झालंय."

तेव्हापासून सकाळी तास-दीड तास ते तिला शिकवू लागले. नाव व्यायामाचं. ती ढोल वाजवायची, ते दारातून आत-बाहेर करायचे आणि प्रत्येक फेरीला तिची चूक काढायचे. बोट कुठं टेकवायचं, मनगट कधी सोडायचं, ठोका कातड्यातून कसा काढायचा. लहानपणी ओसरीवर बसून जे शिकायला मिळालं नाही ते साठी उलटल्यावर तिला अशा आडवाटेनं मिळत होतं. एकदा मी खीर द्यायला गेले तर आतून आवाज आला, "परत. परत. पियाह, तू ढोल वाजवतेस की कोंबड्या हाकलतेस?" आणि माक सूचं हसणं.

कलैनं एकदा घरी येऊन हे पाहिलं तेव्हा ती तोंडाला हात लावून उभी राहिली. मग म्हणाली, "माक सू, बुधवारी माझ्याकडं असे बरेच जण येतात. पक्षाघाताचे आहेत, पार्किन्सनचे आहेत. ढोल घेऊन याल?"

माक सूनं भावाला विचारलं. त्यांचा चेहरा आजारानं तसाही हलत नसे. आवाज मात्र चढला.

"झापिन म्हणजे काय डोकेदुखीची गोळी आहे? पाण्याबरोबर घ्या न् झोपा?"

"तुला चालली ना गोळी?"

"मी झापिन केलेला आहे. त्या लोकांना ठाऊक तरी आहे का काय आहे ते?"

"नसेल. तुझ्या चार म्हाताऱ्यांना ठाऊक आहे, ते कुठं नाचतायत आता?"

हे बोलून तिला वाईट वाटलं, पण शब्द परत घेतला नाही. बुधवारी ती ढोल पिशवीत घालून एकटीच बसनं गेली.

दवाखान्यामागं पत्र्याची शेड आहे. तिथं माणसं जमायची, कुणी काठीवर, कुणी सुनेच्या खांद्यावर. ट्रॅकपँट, चपला, एक-दोघांच्या पायांत मोजेच. त्यांत अपेक लिआऊ होते, गावातल्या लोखंडी सामानाच्या दुकानाचे जुने चिनी मालक; एका बाजूचं अंग गेलेलं, जीभ शाबूत. ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "माझ्या लग्नात मी नाचलो नाही, आता डॉक्टरच्या चिठ्ठीवर नाचायचं?" माक सूनं साधी गोष्ट ठेवली होती. चार पावलं पुढं, चार मागं, वळण. पाय अडला की ढोल जरा मोठा. थोड्याच दिवसांत वाक सेमान गंबुस घेऊन हजर झाले. घरी बसून कंटाळा आला, म्हणाले. त्यावरून पाक लोंगनी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

मग एका मंगळवारी पाक लोंगचा मला फोन आला. "चिकगू, उद्या शाळेला सुट्टी आहे ना? गाडी रिकामी आहे का?"

"आहे. कुठं जायचंय?"

"दवाखान्यात. चुका काढायला."

शेडला दार असं नव्हतंच, तरी कडेच्या सिमेंटच्या पट्टीशी त्यांचे पाय अडले. माक सूनं आतून पाहिलं आणि ठोका त्यांच्या दिशेनं वाजवला. ते आत आले, खुर्चीवर बसले आणि सगळा वर्ग संपेतो एका जागी बसून ऐकत राहिले. लोक गप्पा मारत पावलं टाकत होते. अपेक लिआऊ पावलांच्या मधे कोंबडीच्या भावाबद्दल बोलत होते.

"तुम्ही मधूनच सुरू करता," शेवटी पाक लोंग म्हणाले.

"म्हणजे?" कलैनं विचारलं.

"कुणाच्या घरी गेलं की दारातून थेट पानावर बसतं का कुणी? आधी गंबुस एकटा वाजतो. तोवर नाचणारा जमिनीवर बसतो, सलाम करतो, ऐकतो. मग ढोल. मग पाय. सुरुवात कापून टाकलीत, मग उरलं काय? कवायत."

"पाक लोंग, ही मंडळी जमिनीवर बसली तर उठवायला मला क्रेन आणावी लागेल."

"मला दोन," अपेक लिआऊ म्हणाले.

सगळे हसले. पाक लोंग हसू शकत नव्हते. हसले असते की नाही सांगता येत नाही. ते बराच वेळ जमिनीकडं पाहत राहिले. माक सूनं मला नंतर सांगितलं की तिला त्या वेळी भीती वाटली होती. आता हे उठतील, निघून जातील आणि पुन्हा कधी घराबाहेर पडणार नाहीत, अशी.

"खुर्ची चालेल," ते म्हणाले. "पण गंबुस वाजतो तोवर तोंड बंद. हात मांडीवर. आणि कोंबडीचा भाव नंतर."

त्यानंतर शाळेतल्या तासांची वेळ बदलून घेऊन दर बुधवारी मी त्यांना नेऊ लागले. ते खुर्चीवरून सांगायचे, माक सू पुढं उभी राहून करून दाखवायची. बाईनं पुढं उभं राहावं की नाही हा विषय त्यांनी काढला नाही, तिनंही काढला नाही. आठवडे गेले तसं ते एकेक गोष्ट तपासून पाहू लागले: काय ठेवायचं, काय सोडायचं. पोशाख सोडला. रांगा सोडल्या, कारण काहींना भिंत धरावी लागे. शेवटी ढोल चढत जातात तेव्हा नाचणारा खाली बसतो आणि उसळी घेतो. लोक लग्नात त्याच क्षणाची वाट बघायचे. एके दिवशी त्यांनी ती उसळीही काढली आणि त्या जागी नुसतं टाचा उचलणं ठेवलं.

त्या दिवशी गाडीत ते म्हणाले, "चिकगू, आज मी उडी काढून टाकली."

"पाहिलं मी."

"बाबांनी ती माझ्याकडून फार घासून घेतली होती. पोटऱ्या फुटायची वेळ आली होती."

"मग का काढलीत?"

"पडले असते," ते म्हणाले. तेलपामच्या बागा खिडकीबाहेरून मागं जात होत्या.  "तुझ्या मुलींना मी बोललो होतो. स्पर्धेत."

"हो."

"त्यांचे पाय घाईत होते. तेवढंच होतं. बाकी मी जास्त बोललो."

 पुढच्या सत्रात माझ्या मुलींना घेऊन त्यांच्या ओसरीवर गेले. त्यांनी हो-नाही न म्हणता शिकवायला सुरुवात केली.

मशिदीचा प्रश्न मात्र राहिलाच होता. माक सूनं स्वतःचा ठोका फोनमध्ये भरून दिला आणि कानात घालायची तार आणली. पाक लोंगना ते पटेना. कानात ढोल वाजवत अल्लाहच्या दारी जायचं? शेवटी इमामसाहेब चहाला आले तेव्हा त्यांनी विचारलं. इमाम आमच्याच गावचा, पाक लोंगच्या हाताखाली थोडाफार नाचलेला.

"पाक लोंग, तुम्ही सायकलवरून यायचात तेव्हा सायकल आत आणत होतात का?"

"नाही."

"मग ढोलही बाहेर ठेवा. दारापर्यंत येऊ द्या."

ते पुन्हा जाऊ लागले. पायरीशी तार काढून खिशात ठेवायचे. नेमके तिथंच कधी पाय अडले तर मागं उभा असलेला कुणीतरी चौकटीवर बोटांनी वाजवायचा. एक जड, दोन हलके, एक गप्प. जुम्म्याला येणाऱ्या सगळ्या पुरुषांना ते यायला लागलं होतं. रेटलं मात्र पुन्हा कुणी नाही.

ताल आजार बरा करत नाही. कलैनं हे पहिल्यापासून सांगितलं होतं. तीनेक वर्षं चांगली गेली, मग ठोका ऐकूनही पाय उठेनासे झाले. चाकाची खुर्ची आली. तरी ते बुधवार चुकवत नसत. बोलणं अगदी हळू झालं होतं, माक सू कान त्यांच्या तोंडाशी न्यायची आणि मग मोठ्यानं सांगायची, "पाक लोंग म्हणतायत, अपेक लिआऊचा डावा पाय झोपलाय."

एकदा वर्ग संपून माणसं गेली होती. कलै पट्ट्या गोळा करत होती, वाक सेमान गंबुस पिशवीत घालत होते, मी गाडी काढायला निघाले होते. पाक लोंग काहीतरी म्हणाले. माक सू वाकली आणि तशीच राहिली.

"काय म्हणाला?" वाक सेमाननी विचारलं. आता दोघांची बोलाचाल पूर्ववत झाली होती.

"म्हणाला, नाच. पूर्ण."

आम्हा सगळ्यांच्या तेव्हा लक्षात आलं की त्यांनी बहिणीला कधी नाचताना पाहिलंच नव्हतं. रुग्णांना शिकवताना पाहिलं होतं, तुकड्यातुकड्यांनी, हळू. फोटो पाहिला होता.

वाक सेमाननी गंबुस पुन्हा बाहेर काढला. माक सू सिमेंटवर बसली. गुडघे दुखत होते, तरी जमिनीवर बसली. तिनं सलाम केला. गंबुस एकटा वाजत राहिला, सावकाश. ढोल कोण वाजवणार हा प्रश्न होता, कारण वाजवणारी नाचत होती. मग कलैनंच मरवास उचलला. इतके बुधवार ऐकून तिच्या हाताला ते लागलं होतं. थोडं ओबडधोबड वाजत होतं, पण मात्रा सुटत नव्हती.

माक सू उठली आणि नाचली. हात अंगाजवळ, नजर खाली. पुढं टाच, मागं चवडा. वळणावर त्या गप्प मात्रेत तिचा खांदा किंचित वळला. ते चूक होतं. हाजी मर्झुकींच्या झापिनमध्ये तसं नव्हतं, टीव्हीवरच्यात नव्हतं, कुठल्याच झापिनमध्ये नाही. मी पाक लोंगकडं पाहिलं. ज्या माणसानं कधी कुणाची अर्धी मात्रा सोडली नव्हती तो टक लावून पाहत होता. शेवटी तिनं उडी घेतली नाही. टाचा उचलल्या आणि पुन्हा सलाम करून बसली. उठायला कलैनं आणि मी हात दिला.

ती धापा टाकत त्यांच्यापाशी गेली. त्यांनी काहीतरी विचारलं.

"खांद्याचं विचारतोय," तिनं आम्हाला सांगितलं. आणि त्यांना म्हणाली, "दिसत नव्हतं ना मला मागं. मीच घातलं ते."

ते पुन्हा पुटपुटले. या वेळी तिनं आम्हाला मोठ्यानं सांगितलं नाही. ओढणीच्या टोकानं तोंड पुसलं आणि खुर्ची ढकलत गाडीकडं निघाली. पुढं पुष्कळ दिवसांनी मी विचारलं तेव्हा म्हणाली, "'राहू दे' म्हणाला."

रमजानच्या आधी पाक लोंग गेले. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला अपेक लिआऊ मुलाच्या हाताला धरून आले, शिजवणाऱ्यांना हलाल कोंबड्यांची पेटी देऊन, आणि दारात उभे राहून जीभ शांत ठेवून दाखवली. मंडळीचं काय करायचं असं चौघा म्हाताऱ्यांनी आपसात बोलून पाहिलं आणि मरवास माक सूच्या घरी पोचते केले. लग्नाचं बोलावणं आलं तर आता तीच जाते. सोबत दवाखान्यातल्या दोन परिचारिका, माझ्या शाळेतून बाहेर पडलेल्या मुली आणि शनिवारी झोप मोडून येणारी दोन-तीन मुलं. कीबोर्डवाला असतोच. तो त्याचं आवरून घेतो, मग यांचं होतं. कधी यांच्या ठोक्यावर तोही कुठंतरी बोट ठेवतो. वाक सेमान त्याच्याकडं बघत नाहीत, पण थांबवतही नाहीत.

गेल्या महिन्यात जोहोर बारूहून सांस्कृतिक खात्याचा एक तरुण साहेब बुधवारचा वर्ग बघायला आला. नम्र मुलगा होता. गंबुस वाजेतो तोही खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसला. मग म्हणाला, मोठ्या रंगमंदिरात कार्यक्रम आहे, या सगळ्यांना आणायची इच्छा आहे. संध्याकाळी साडेआठची वेळ.

शेडमध्ये चर्चा झाली. अपेक लिआऊना बसमध्ये शौचालय हवं होतं. एका आजीला पोशाख जांभळा हवा होता. कलैला सगळ्यांच्या औषधांची काळजी होती.

माक सूनं सगळं ऐकून घेतलं आणि साहेबाला म्हणाली, "येऊ की. का नाही येणार? पण बाळा, कार्यक्रम सकाळी ठेव. दहाला सगळे गोळी घेतात. अकराला पाय चांगले चालतात."

त्यानं वही काढली आणि अकरा असं लिहून घेतलं.